‘तोंड आलंय’ : जिभेवरचा फोड, चिनी वैद्य आणि आपला किनारा

(एपिसोडचं लिखित रूप)



आजचा विषय अगदी जिभेच्या टोकावरचा आहे. म्हणजे खरंच टोकावरचा. जिभेवर येणारा तो पांढुरका, लाल कडेचा फोड. मिसळ समोर आली की डोळ्यांत पाणी आणतो तो. आपण त्याला काय म्हणतो? ‘तोंड आलंय.’ गंमत बघा, ताप येतो, खोकला येतो, तसं मराठीत तोंडसुद्धा ‘येतं’. आणि ते आलं की घरातली प्रत्येक बाई, प्रत्येक आजोबा एकच निदान करतात : ‘उष्णता वाढलीय.’

आता हजारो किलोमीटरवर, चीनमध्ये, एखाद्या पोराच्या जिभेवर फोड आला की त्याची आजी काय म्हणते माहितीये? ‘शांगहुओ’. शब्दशः अर्थ, आग वर चढलीय. तेच निदान!

हा योगायोग आहे का? थोडासा आहे, थोडासा नाही. मोबाईलवर चिनी स्प्रे, चिनी पावडर, ‘पाच हजार वर्षांचं ज्ञान’ अशी रील्स तुम्हालाही दिसत असतील. म्हणून आज बघूया की चिनी वैद्यकानं जिभेच्या फोडाकडे नेमकं कसं पाहिलं, त्यावर काय दिलं, आणि त्यातलं किती आपल्याच किनाऱ्याच्या ओळखीचं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यातलं काय त्यांना स्वतःलाच नंतर सोडून द्यावं लागलं.

जीभ म्हणजे हृदयाचा अंकुर

चिनी वैद्यकात एक जुनं सूत्र आहे : जीभ हा हृदयाचा कोंब. झाडाच्या मुळाशी काय चाललंय ते जसं कोवळ्या कोंबावर दिसतं, तसं हृदयातलं जिभेवर दिसतं. इथे एक लक्षात घ्या. त्यांचं ‘हृदय’ म्हणजे फक्त रक्ताचा पंप नाही. झोप, चिंता, मन, हे सगळं त्यांनी हृदयाच्या खात्यात टाकलेलं आहे.

मग त्यांनी जिभेचा नकाशाच काढला. टोक हृदयाचं. मधला भाग पोटाचा आणि प्लीहेचा. कडा यकृत-पित्ताशयाच्या. मागचं मूळ मूत्रपिंडाचं. फोड कुठे आलाय यावरून वैद्य अंदाज बांधणार. १३४१ साली, म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर मुहम्मद तुघलकाची सत्ता होती त्या काळात, चीनमध्ये जिभेच्या ३६ चित्रांचं पुस्तक तयार झालं होतं. कुठली जीभ दिसली तर काय समजायचं, काय औषध द्यायचं, अशी चित्रं. आजच्या भाषेत इन्फोग्राफिक!

आणि ‘आग’ एकाच प्रकारची नाही बरं का. त्यांनी दोन मुख्य भाग केले.

पहिली ‘भरीव आग’. तिखट, तळलेलं, दारू, राग, जागरण. फोड लालभडक, दुखणारा, तहान लागतेय, लघवी पिवळीधमक आणि जळजळीत. त्यांचं म्हणणं असं की हृदय आणि लहान आतडं ही जोडी आहे. हृदयातली आग खाली आतड्यात उतरते, म्हणून वर जीभ पेटते आणि खाली लघवी जळते. यावर उपाय काय? आग विझवायची नाही, तिला खालच्या दारानं बाहेर काढायची. छिएन यी नावाचा लहान मुलांचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याच्या शिष्यानं १११९ साली त्याचे उपचार पुस्तकात आणले. त्यात ‘दाओ छी सान’ नावाचं चूर्ण आहे. अर्थ, लाली वाट दाखवून बाहेर नेणारं चूर्ण. चारच गोष्टी : एक थंड मूळ, एक वेल, बांबूची पानं आणि ज्येष्ठमध. ज्येष्ठमध लक्षात ठेवा, आणि ती वेलसुद्धा. दोघांकडे परत यायचंय.

दुसरी ‘पोकळ आग’. समजा एमआयडीसीत नाईट शिफ्ट करणारा एखादा मुलगा आहे. झोपेचा पत्ता नाही, अंग सुकलेलं, फोड लहान, फिकट, पण दर महिन्याला हजर. चिनी वैद्य म्हणेल, इथे आग जास्त झालेली नाही, पाणी कमी झालंय. चूल तेवढीच आहे, पण भांड्यातलं पाणी आटलं म्हणून तळ करपतोय. मग थंड कडू औषधं देऊन उपयोग नाही, पोषण दिलं पाहिजे. तेराव्या शतकातला ली दोंगयुआन तर आणखी पुढे गेला. तो म्हणाला, काही आगी अशक्तपणातूनच पेटतात. तिथे त्यानं पचन सुधारणारी, ताकद देणारी औषधं दिली.

म्हणजे एकच फोड, पण उपचार अगदी उलटे. ‘तोंड आलं? हे घे’ असं सरसकट औषध खऱ्या चिनी वैद्यकात नाहीच. रीलवाल्यांनी नेमकं हेच गाळलेलं असतं.

आणि एक कमाल गोष्ट. इसवी सन २०० च्या आसपास झांग झोंगजिंग या वैद्यानं ‘हू-हुओ’ नावाचा आजार लिहून ठेवला. तोंडात व्रण, गुप्तांगावर व्रण, आणि डोळे लाल. तिन्ही एकाच माणसात. त्यावर त्यानं ज्येष्ठमधाचा मोठा डोस असलेला काढा दिला. १९३७ साली तुर्कस्तानातले डॉक्टर हुलुसी बेहचेत यांनी हीच तीन लक्षणं एकत्र मांडली आणि आज जग त्या आजाराला बेहचेत यांच्या नावानं ओळखतं. झांग झोंगजिंगनं कारण ‘आग’ सांगितलं असेल, पण त्याची नजर पक्की होती.

तळपाय आणि काशाची वाटी

आता हे ऐकून तुम्हाला आजी आठवेल. सोळाव्या शतकात ली शिझेन यानं औषधांचा प्रचंड मोठा कोश लिहिला. तो १५९६ च्या सुमारास छापून आला. त्यात तोंडाच्या, जिभेच्या फोडांवर एक उपाय आहे : एका तिखट-गरम फळाची पूड व्हिनेगरमध्ये कालवायची आणि लावायची कुठे? तोंडात नाही. तळपायाला! कारण, वर चढलेली आग खाली ओढायची.

आणि आपल्याकडे? उष्णता वाढली, डोळे जळजळताहेत, तोंड आलंय, की काशाची वाटी काढायची, तूप घ्यायचं आणि तळपाय घासायचे. वाटी काळी पडली की ‘बघ, किती उष्णता निघाली!’ (काळं पडतं ते काशातलं तांबं आणि तूप घासल्यामुळे, पण चोळून घेतल्यावर झोप छान लागते हे खरंच.)

हे एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये. दोन्हीकडे माणसांनी शरीराकडे चुलीसारखं पाहिलं. चूल वरच्या बाजूला पेटते, धूर वर जातो. मग आग वर चढते हे कुणालाही सुचेल.

आपल्या ग्रंथांतही मोजदाद जोरदार आहे. सुश्रुतानं तोंडाचे ६५ रोग सांगितले, ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, घसा अशा सात जागा धरून. संपूर्ण तोंड पिकतं त्याला ‘मुखपाक’ म्हणतात. जाईची पानं चावायची, हा घरगुती उपाय तिथूनच उतरत आलाय. चिन्यांनी जिथे ‘आग’ म्हटलं, तिथे आपण बऱ्याचदा ‘पित्त’ म्हटलं. शब्द वेगळे, पण दोघांच्या चुली शेजारी शेजारीच.

एक पुडी, चार देशांतून

आता योगायोग संपतो आणि व्यापार सुरू होतो.

१६१७ साली चेन शिगाँग नावाच्या चिनी शल्यवैद्याचं पुस्तक आलं. त्यात तोंड, जीभ, हिरड्या आणि घसा यांच्या व्रणांवर फुंकायची एक पूड आहे, ‘बिंग पेंग सान’. नळीनं थेट फोडावर फुंकायची. हिच्या सुधारलेल्या आवृत्त्या चीनमध्ये आजही विकल्या जातात. या पुडीत चार वस्तू होत्या. त्यांची मराठी नावं सांगतो.

एक, टाकणखार. हो, तोच! कित्येक घरांत आजी टाकणखाराची लाही करून मधातून तोंडाला लावायची तो. इंग्रजीत बोरॅक्स. कॅरमच्या पावडरीचा भाऊबंद. हा मुळात तिबेटच्या खाऱ्या तळ्यांच्या काठी सापडायचा. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून हिमालयाच्या खिंडीतून खाली भारतात यायचा, आणि दुसऱ्या बाजूनं चीनमध्ये जायचा. संस्कृतातला ‘टंकण’ हा शब्द पुढे फारसीतून युरोपात ‘टिंकल’ होऊन पोचला.

दोन, भीमसेनी कापूर. देवाऱ्यात जाळतो तो साधा कापूर नव्हे. हा सुमात्रा-बोर्निओच्या जंगलातल्या उंच झाडांच्या खोडात सापडायचा. सुमात्रातलं त्याचं बंदर बारूस. म्हणून आपल्याकडे त्याला ‘बरास’ म्हणतात. जुन्या चिनी पुस्तकांतही त्या बंदराच्या नावावरून पडलेलं नाव सापडतं. एकच बंदर, दोन भाषांत औषधाचं नाव होऊन बसलंय.

तीन, एक सारक मीठ, शुद्ध करून वाळवलेलं. आणि चार, हिंगूळ. म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज. याच्याकडेही परत यायचंय.

आता विचार करा, सुमात्राचा कापूर चीनलाही जातोय आणि इकडेही येतोय. इकडे म्हणजे कुठे? आपल्याच किनाऱ्यावर. बोईसरवरून गुजरातकडे जाणारी गाडी पकडा : वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव, आणि मग संजाण. आज शांत वाटणारं हे स्टेशन हजार वर्षांपूर्वी मोठं बंदर होतं. अरब प्रवाशांनी त्याचं नाव लिहून ठेवलंय. २००० नंतरच्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा पश्चिम आशियातल्या निळ्या-हिरव्या चकचकीत भांड्यांसोबत चिनी भांड्यांचे तुकडेही मिळाले. 

आणि आणखी जवळचा पुरावा हवाय? तारापूरची खाडी ओलांडली की चिंचणी. तिथे ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. तेव्हा संयान, म्हणजे संजाण, या भागाचा कारभार कुणाकडे होता? एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे. ताम्रपटात त्याचं नाव ‘मधुमती’ असं आलंय. ते ‘मोहम्मद’चं संस्कृत रूप आहे असं अभ्यासक मानतात. त्यानं लोकांसाठी फुकट नावेची सोय केली आणि भात, कालवण, तूप मिळणारं अन्नछत्र घातलं. त्याच्या परवानगीनं मठाला जमीन दिली गेली. हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या किनाऱ्याचं हे रूप : कन्नड मुळाचा राजवंश, अरब अधिकारी, संस्कृत लेख आणि चिनी भांडी. अशाच बंदरांच्या साखळीतून औषधं फिरत होती. त्यामुळे ‘परदेशी औषध’ आणि ‘आजीचं औषध’ यांच्यामधली रेघ आपल्याला वाटते तितकी ठळक नाही.

चोपचिनी : नावातच चीन

ही रेघ आणखी पुसट करणारं एक औषध थेट चीनमधून आलं. आयुर्वेदिक दुकानात ‘चोपचिनी’ मागून बघा, मिळेल. नावातच चीन आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांच्यासोबत एक नवा गुप्तरोग पसरला. आपल्या वैद्यांनी त्याला नाव दिलं ‘फिरंग रोग’. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, पुढे तारापूरही त्यांच्या ताब्यात आलं. ते १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतलं. म्हणजे हा सगळा आपल्याच पट्ट्यातला काळ. गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. अहमदनगरच्या निजामशाहाकडेही त्याची ये-जा होती आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाड्यानं होतं. १५६३ साली त्यानं गोव्यात पुस्तक छापलं. त्यात तो सांगतो की चीनचं हे मूळ १५३५ मध्ये इकडे ओळखीचं झालं.

याचा जिभेच्या फोडाशी काय संबंध? सांगतो. फिरंग रोगावर तेव्हा चालायचा पारा. आणि पारा जास्त झाला की काय व्हायचं? हिरड्या सुजायच्या, लाळ गळायची, जिभेवर आणि गालात व्रण पडायचे. युरोपातले डॉक्टर तर लाळ गळायला लागली की ‘औषध लागू पडलं’ म्हणायचे! आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावमिश्रानं पाऱ्याची गोळी पिठात गुंडाळून, दाताला न लागता गिळायला सांगितली, तोंड सुजू नये म्हणून. औषधानंच तोंड येतं हे त्याला कळलेलं होतं.

अशा वेळी चोपचिनीचा काढा आला. फोड नाहीत, लाळ नाही. लोकांनी तो डोक्यावर घेतला. थेट सम्राट पाचव्या चार्ल्सपर्यंत त्याची कीर्ती गेली. पण रोग तिच्यानं मुळापासून जात नव्हता. ते काम विसाव्या शतकात पेनिसिलिननं केलं. चोपचिनीचा खरा मोठेपणा एवढाच की ती त्या काळच्या दुसऱ्या औषधापेक्षा कमी त्रास द्यायची.

जुनं म्हणजे निर्धोक?

आता ती राहिलेली वेल आणि तो हिंगूळ.

दाओ छी सानमधली वेल मुळात निरुपद्रवी होती. पण पुढे बाजारात तिच्या नावाखाली दुसरीच वेल विकली जायला लागली. नाव जवळपास तेच, कूळ वेगळं. या दुसऱ्या कुळात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडं निकामी करतं आणि कॅन्सर घडवतं. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या चिनी गोळ्यांत याच कुळातली एक वनस्पती चुकून आली आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्यांवर परिणाम झाला. त्यानंतर २००३ साली चीननं ती बदली वेल औषधांच्या अधिकृत यादीतून काढून टाकली. आणि हो, आपल्या कोकणात मिळणारी सापसंद याच कुळातली आहे. ‘जंगलातली आहे, काय होतंय’ म्हणून चघळू नका.

हिंगुळात पारा आहे. जो पारा तोंड आणतो, तोच आलेल्या तोंडावर फुंकायचा! म्हणून आज या पुडीबद्दल सावधगिरी सांगितली जाते आणि तोंडासाठी हिंगूळ नसलेल्या औषधांकडे कल आहे.

आणि आपला टाकणखार? मधात टाकणखार घालून बाळांना चोखायला दिल्यानं झटके आल्याच्या नोंदी १९८० च्या दशकात ब्रिटिश डॉक्टरांनी छापल्या. शिवाय एक वर्षाखालच्या बाळाला मधही द्यायचा नसतो. कापूर तर लहान मुलाच्या पोटात गेला की थेट झटके. आजीचं प्रेम खरं होतं, पण टाकणखार विषारीच.

म्हणजे बघा, ‘हजारो वर्षांचं ज्ञान’ हे काही कुलूप लावून ठेवलेलं कपाट नाही. त्यात गोष्टी आल्या, बदलल्या, काही लोकांना त्रास देऊन बाहेर गेल्या. ज्यांनी ती परंपरा जपली, त्यांनीच ती दुरुस्तही केली. ज्येष्ठमधासारखी एखादी वस्तू दोन्हीकडे टिकली, आणि तीसुद्धा रोज भरपूर घेतली तर रक्तदाब वाढवते.

मग फोडाचं काय करायचं?

आजचं वैद्यकशास्त्र सांगतं : जिभेवरचा साधा फोड बहुतेक वेळा एक ते दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. दात लागणं, ताण, जागरण, बी-१२, लोह किंवा फॉलिक आम्लाची कमतरता, ही नेहमीची कारणं. वारंवार येत असेल तर रक्ततपासणी करून घ्या. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तिखट बंद, पुरेशी झोप. चिनी वैद्याची ‘पोकळ आग’ आठवतेय? जागरण आणि अशक्तपणा, हे निरीक्षण त्याचं बरोबरच होतं.

ऑनलाइन मिळणारी चिनी पूड घ्यायची असेल तर एक लक्षात असू द्या. भारतात ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता आहे, महाराष्ट्रात त्याचा स्वतंत्र कायदाही आहे. पण चिनी वनौषधी आयुषच्या मान्य पद्धतींत येत नाहीत. त्यामुळे पाकिटावरची अक्षरं वाचता येत नसतील तर ती पूड जिभेवर टाकू नका.

आणि आता शेवटची, सगळ्यात गंभीर गोष्ट. चीनच्या हुनान प्रांतात सुपारी चघळायची मोठी सवय आहे. सुपारी त्यांच्या औषधांच्या यादीतही आहे. ‘औषधच आहे की’ म्हणत लोक चघळत राहिले आणि तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट वाढले. २०२१ मध्ये चीननं टीव्ही, रेडिओ आणि इंटरनेटवर सुपारीच्या जाहिराती बंद केल्या.

आपल्याकडे केळवे-माहीमच्या वाड्यांत विड्याचं पान पिकतं, पान-सुपारीशिवाय आपलं लग्न ठरत नाही. त्याबद्दल तक्रार नाही. पण गुटखा, तंबाखू, मशेरी? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि कंपनीच्या गेटबाहेर पुड्या कशा मिळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा माणसाच्या जिभेच्या कडेला फोड आला आणि तो दुखतही नसेल, तर घरचे म्हणतात ‘उष्णता आहे’, पानवाला म्हणतो ‘चुना जास्त लागला’, आणि महिने जातात.

म्हणून फोडाचं कॅलेंडर ठेवा. दोन आठवड्यांत बरा झाला नाही, कडा कडक लागतायत, रक्त येतंय, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, तर थेट दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात जीभ बाहेर काढायची, दोन्ही कडा बघायच्या, जिभेखाली बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. १३४१ मधल्या त्या वैद्यानं ३६ जिभा काढून हेच सांगितलं होतं : बोलायच्या आधी बघा.

घरात कुणी तंबाखू खाणारं असेल तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. ऐकत नसतील, तर निदान टॉर्च लावून त्यांची जीभ बघा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पाणी प्या, झोप घ्या, आणि काळजी घ्या!